एक व्यक्ती येण्याच्या बेतात

“हे तुम्हाला पटायचं नाही. कुणालाच पटत नाही, म्हणून मी सहसा सांगत नाही,” असं म्हणून दिनकर तोरस्करांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. “आमचं ‘पडवळ’ नावाचं रॉकेट होतं. दोन हजार एकतीस साली वर गेलं, ते अजून खाली आलेलं नाही.”

इंदूरहून आलेले चौघे मराठी इंजिनिअर तंबूच्या सावलीत बसले होते. त्यांचं स्वतःचं रॉकेट सकाळीच उडून, छत्रीला लटकून, सुखरूप खाली आलं होतं. त्यामुळे त्यांना ऐकायला सवड होती.

“म्हणजे हरवलं?” एकानं विचारलं.

“हरवेल कसं? वर आहे. संक्रांतीच्या आसपास पहाटे कोल्हापूरवरनं जातं. आमच्या पेठेतले दूधवाले त्यावर घड्याळ लावतात.”

“काका, पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला जवळपास आठ किलोमीटर वेग लागतो.”

“लागतो ना. पण हे पडवळाला सांगणार कोण?”

चौघे हसले. पत्र्याच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या वनिता ढोबळेही हसल्या. त्या या मैदानाच्या अधिकारी. मूळच्या नागपूरच्या, बावीस वर्षं विमानतळावर बसून विमानं उतरवली आणि मग विमानांचा कंटाळा आला म्हणून कच्छच्या रणात रॉकेटं चढवायला आल्या.

“तोरस्कर भाऊ, मागच्या वर्षी तर तुमचं पडवळ समुद्रात पडलं होतं जी. माशानं गिळलं म्हणत होते तुम्ही.”

“ते त्याचं पिल्लू,” दिनकरराव म्हणाले.

खरी हकीकत अशी, की पडवळ जमिनीपासून चाळीस मीटरवर फुटलं होतं. इंधनाच्या लगद्यात हवेचा एक बुडबुडा राहिला होता आणि तो लगदा दिनकररावांनी कालवला होता. त्याचे तुकडे श्रीपती कुलालनं दोन दिवस उन्हात फिरून पोत्यात गोळा केले आणि बुडबुड्याविषयी जगात कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. दिनकररावांनाही नाही.

“तुमचे ते जोडीदार कुठं आहेत? कुलाल काका?” इंदूरकरांपैकी एकानं विचारलं.

“येतोय,” दिनकरराव म्हणाले, आणि दूर बघायला लागले.

दूर बघायला तिथं एकच गोष्ट होती. जानेवारीतलं रण सगळीकडून सारखंच पांढरं दिसत होतं. झाड नाही, टेकडी नाही, सावली टाकेल असं काही नाही. त्या पांढऱ्यात नऊशे मीटरवर लोखंडी रुळाला टेकून ‘शेवगा’ उभा होता. सहा मीटर उंच, मांडीएवढा जाड, हिरवा. रॉकेटांना भाज्यांची नावं देण्याची टूम श्रीपतीची. देवाची नावं दिली आणि फुटलं तर काय घ्या, असं तो म्हणायचा. दुधी फुटला तर कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

हौशी रॉकेटांच्या मोटरींना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. पुढच्या अक्षराची ताकद आधीच्या अक्षराच्या दुप्पट. ‘ए’ म्हणजे दिवाळीतला बाण समजा. शेवग्याची मोटर ‘पी’ होती, म्हणजे पंधरा वेळा दुप्पट. एकाच नळीत बत्तीस हजारांवर बाण कोंबल्यासारखं. या मोटरीतलं इंधन दिसतं रबरासारखं आणि असतंही रबरच, पण त्यात जळायला लागणारा प्राणवायू आधीच मीठरूपानं मिसळलेला असतो. त्यामुळे त्याला बाहेरच्या हवेची गरज नाही. मधोमध पोकळी ठेवायची, ती आतून बाहेर जळत जाते. कालवणं दिनकररावांचं, ते रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. नळी, टोपण, शेपटीचे पंख, जे जे धातूचं ते श्रीपतीचं. त्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. दिनकररावांनी लग्न केलं नाही. विचारलं तर सांगत, की ठरलं होतं, पण मुलीकडचे रॉकेटला घाबरले.

श्रीपती उद्या देश सोडून चालला होता. मुलगी मंजिरी टास्मानियात असते, तिच्याकडे, कायमचा. शेवग्याचा परवाना दोघांच्या नावावर होता. त्यातला एक जण परदेशी राहायला गेला की परवाना संपला. आज दुपारी चारपर्यंत आकाश त्यांच्यासाठी मोकळं ठेवलेलं होतं. चारच्या आत शेवगा गेला तर गेला, नाहीतर उद्या मोटर खड्ड्यात घालून जाळून टाकायची, असा नियम. अकरा महिन्यांचं काम. आणि शेवटचं.

*

सकाळी नऊला मंजिरीची गाडी फाटकाशी आली होती. संध्याकाळी भुजहून पहिलं विमान होतं, पण शेवगा बाराला सोडायचा आणि मग एकला निघायचं असं ठरलेलं होतं. मंजिरी गाडीतच बसून राहिली. तिला रॉकेटांचं कौतुक लहानपणीच संपलं होतं.

श्रीपतीनं शेवग्याच्या पंखावरून शेवटचा हात फिरवला, चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, “दिन्या, मी उद्या चाललो.”

“ठाऊक आहे की.”

“मग तुला काय वाटतंय ते एकदा सरळ सांग की लेका. एकदा. एकतीस वर्सांत तू मला सरळ एक वाक्य बोलला नाहीस.”

दिनकररावांच्या घशाशी एक वाक्य आलं होतं. तीनच शब्दांचं होतं. पण त्यांच्या तोंडाला सरळ वाक्याची सवय नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट ऐन वेळी जमत नाही.

“काय वाटायचंय?” ते म्हणाले. “तिकडं पृथ्वीच्या बुडाशी सगळी माणसं उलटी लटकून राहतात. पायजम्याची नाडी तेवढी घट्ट बांध.”

श्रीपती हसला नाही. त्यानं पिशवी उचलली. बारा वाजायची वाट बघणार नाही हे त्याच्या पाठीवरूनच कळलं. चार पावलं गेल्यावर तो न वळता म्हणाला, “बरं. येतो.”

गाडी गेली. तेव्हा पत्र्यावरच्या कर्ण्यातून आवाज आला. गोड, संथ, बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

“श्री. तोरस्कर, श्री. श्रीपती कुलाल निघताना ‘येतो’ म्हणाले. मराठीत हा शब्द निरोप घेतानाही वापरतात. हा निरोप होता, की ते परत येणार आहेत?”

यंत्रानं प्रश्न अगदी रीतसर विचारला होता. उत्तरही सोपं होतं. पण ते कर्ण्याखाली उभं राहून, मोठ्यानं, नोंद होईल असं द्यायचं होतं.

“येतो म्हणाला म्हणजे येतो!” दिनकरराव खेकसले. “आमच्यात ‘येतो’ म्हणून न येणारी माणसं नसतात.”

“नोंद केली,” आवाज म्हणाला. “एक व्यक्ती येण्याच्या बेतात.”

*

त्या आवाजाला सगळे ‘राखणदार’ म्हणत. सरकारी कागदात त्याचं नाव लांबलचक होतं, पण काम राखणीचंच.

पूर्वी अशा मैदानांवर उष्णता टिपणारे कॅमेरे असत. रॉकेटच्या आसपास कुणी नाही ना, एवढं ते बघत. मग अडतीस साली दुसऱ्या एका वाळवंटात एक अपघात झाला. उड्डाणाची उलटी मोजणी सुरू झाली तेव्हा सगळी माणसं सीमेबाहेर होती. पण एकाला आपला स्क्रूड्रायव्हर रॉकेटपाशी राहिल्याची आठवण झाली आणि तो पळत सुटला. कॅमेऱ्यांना माणूस कुठे आहे ते कळत होतं. माणूस दहा सेकंदांनी कुठे असणार आहे ते कळत नव्हतं.

राखणदाराला ते कळतं. प्रत्येकाच्या कॉलरवर एक मायक्रोफोन, चहूकडे कॅमेरे. चाल, मान वळवणं, बूट घालणं, खिसे चाचपणं आणि मुख्य म्हणजे बोलणं, हे सगळं जोखून तो प्रत्येक माणसाचा पुढचा रस्ता आखतो. पडद्यावर प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि ठिपक्यापुढे उघडलेला एक फिकट पंखा, हा माणूस जिथे जिथे जाण्याची शक्यता आहे तेवढ्या जागेचा. एकही पंखा सीमेच्या आत येत नसेल तरच मोटरीला वीज मिळते. वरून माणसानं दाबायचं बटण मुद्दाम ठेवलेलं नाही. बटण ठेवलं की माणूस ते दाबतो, एवढा धडा सगळ्यांनी घेतला होता.

हे तंत्र नंतर सगळीकडे पसरलं. इस्पितळात, कचेऱ्यांत, घरांत. आणि माणसांची बोली आखडत गेली. पुण्यात म्हणे लोकांनी “या एकदा जेवायला” म्हणणंच सोडलं, कारण घरातलं यंत्र लगेच तारीख विचारायचं आणि समोरच्याचं यंत्र ती मान्य करायचं. “बघू”, “सांगतो”, “करू की” या शब्दांची तर नोंदच व्हायला लागली. लोक मोजून बोलायला लागले. कोल्हापुरात एकटे दिनकरराव जुन्या पद्धतीनं बोलत राहिले, आणि म्हणूनच पेठेत त्यांच्याशी बोलायला फारसं कुणी थांबत नसे. श्रीपती थांबायचा. लेथ बंद करून, हात पुसत, “हं, बोल,” म्हणायचा.

*

बाराला मोजणी सुरू झाली आणि अकरावर थांबली.

“थांबवत आहे,” राखणदार म्हणाला. “एक व्यक्ती येण्याच्या बेतात.”

तंबूतल्या पडद्यावर मैदानाच्या फाटकापाशी एक पंखा उघडा होता. त्याला ठिपका नव्हता. नुसता पंखा, रणातून सीमेच्या आत येणारा.

“कुलाल भाऊंना वेळ लागून राहिला का?” वनिताबाईंनी विचारलं.

“पंक्चर झालं असणार,” दिनकरराव म्हणाले. “शिरपा गाडीत बसला की पंक्चर होतंच. एकदा आम्ही बेळगावला निघालो तर चार चाकांची सात पंक्चरं झाली.”

“चारांची सात कशी?”

“शेजारून जाणाऱ्याचीही झाली.”

साडेबाराला श्रीपती पंक्चर काढून निघाला होता. एक वाजता त्याला वाटेत रानगाढवांचा कळप आडवा आला होता. दीड वाजता मंजिरीची गाडी चिखलात रुतली होती आणि श्रीपती एका उंटवाल्याला गाठून उंटावरून यायला निघाला होता. इंदूरकर आधी हसत होते, मग नुसते ऐकत होते, मग सामान बांधायला लागले.

“काका, आम्हाला अहमदाबादची गाडी गाठायची आहे. शेवगा बघायला थांबलो असतो, पण—”

“अरे, दहा मिनिटांत जातोय! उंट काय कमी पळतो?”

“फिल्म पाठवा,” त्यातला मोठा म्हणाला. वाकून नमस्कार केला त्यानं, आणि तो नमस्कार दिनकररावांना आवडला नाही. म्हाताऱ्या माणसाला समजूतदारपणे केलेला नमस्कार होता तो.

त्यांची जीप गेली. धूळ बसली. तंबूत पाच प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. दिनकररावांनी त्यातल्या एकीवर पाय टाकले, मग काढून घेतले.

पडद्यावर आता वनिताबाईंचा ठिपका होता, खोलीत. त्यांचा पंखा छोटा, टेबल ते दार, दार ते पाण्याचा माठ. दिनकररावांचा ठिपका तंबूत होता. त्याला पंखाच नव्हता. त्यांनी यंत्र बिघडलं का म्हणून मान वळवून पाहिली, उठल्यासारखं केलं, पुन्हा बसले. तरी नाही. हा माणूस कुठेही जाणार नाही, असं यंत्राचं मत दिसत होतं.

आणि फाटकापाशी तो दुसरा पंखा, उघडा, बिनमाणसाचा.

ते त्याच्याकडेच बघत बसले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. घरी कुणी येणार असलं की घर वेगळं दिसतं, तसं ते सगळं रण दिसत होतं.

*

तीनला वारा फिरला. शेवग्याच्या शेजारी लावलेलं फडकं आधी नुसतं हलत होतं, ते आता ताठ झालं.

वनिताबाई बाहेर आल्या, डोक्यावरची ओढणी धरून. “तोरस्कर भाऊ, एक तास उरला आहे. अन् वारा अजून वाढला तर तासही नाही. आता मला खरं काय ते सांगा. ते येऊन राहिले का नाही?”

दिनकररावांनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. त्यालाही बराच वेळ गेला. मग ते कॉलरकडे तोंड करून हलकेच म्हणाले, “राखणदार, अरे, गेला तो.”

“‘गेला’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ नोंदलेले आहेत,” राखणदार म्हणाला. “पहिला, ती व्यक्ती इथून निघून गेली. दुसरा, ती व्यक्ती मरण पावली. दुसरा अर्थ असल्यास वेळ आणि कारण सांगा. वैद्यकीय पथकाला कळवतो. कोणता अर्थ?”

“जीभ झडो तुझी!” दिनकरराव ओरडून उभेच राहिले. “मेल्या, चांगला धडधाकट माणूस आहे तो!”

“म्हणजे पहिला?”

पहिला म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की दोन्हींत फरक फार नाही. पंचाहत्तरीच्या माणसानं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि बहात्तरच्या माणसानं इथं राहायचं, याला यंत्राकडे तिसरा अर्थ नव्हता. श्रीपतीची बायको वारली तेव्हा श्रीपतीनं आपला फोन बंद करून कपाटात टाकला होता. फोन करणारी गेली, म्हणाला, आता कशाला. तेव्हापासून त्याला भेटायचं म्हणजे वर्कशॉपवर चालत जायचं. टास्मानियात चालत कुठं जाणार?

“पहिला,” ते म्हणाले. “तो निघून गेला. येणार नाही. पुसून टाक ती नोंद.”

“क्षमा करा, तुमच्या सांगण्यावरून नोंद पुसता येत नाही.”

“का?”

“आज सकाळपासून आपण श्री. कुलाल यांच्याविषयी सात विधानं केलीत. पंक्चर, रानगाढवं, चिखल आणि उंट यांतलं एकही कॅमेऱ्यांना किंवा रस्त्यावरच्या नोंदींना जुळत नाही. आपल्या विधानांची विश्वासार्हता सध्या अकरा टक्के आहे.”

“अकरा?” वनिताबाई म्हणाल्या. “मला वाटलं होतं चार-पाच असंन.”

“चहा चांगला झाल्याचं ते खरं बोलले होते,” राखणदार म्हणाला.

वनिताबाईंना हसू आलं, पण दिनकररावांकडे बघून त्यांनी ते आवरलं. “मग काय करायचं, बाप्पा? मी सांगितलं तर घेशील?”

“आपण श्री. कुलाल यांच्याशी बोललेला नाहीत. स्वतः श्री. कुलाल यांनी सांगितलं, तर नोंद लगेच काढता येईल. फोनवरही चालेल.”

“झालं की मग! एवढंच ना!” वनिताबाई खोलीकडे वळल्या. मैदानावर पाहुण्यांचे फोन फाटकावरच काढून घेत, कारण भरकटलेली एखादी लहर मोटरीच्या वातीला चेतवू शकते. एक तारेचा फोन तेवढा खोलीत होता. त्यांनी तो दाराशी ओढून आणला. “कुलाल भाऊंचा नंबर द्या.”

“तो फोन वापरत नाही.”

“पोरीचा द्या.”

येणार नाही, हे दिनकररावांनी स्वतःच्या तोंडानं सांगून झालं होतं, आणि ते जमलंही होतं. पण ते स्वतःचं तोंड होतं. त्यातून निघणाऱ्या गोष्टीवर त्यांचा स्वतःचाही विश्वास अकरा टक्केच. श्रीपतीच्या तोंडून ते ऐकायचं म्हणजे वेगळं. श्रीपती खोटं बोलत नाही. त्यानं ‘येत नाही’ म्हटलं की पडद्यावरचा तो पंखा मिटणार, आणि मग तिथं एक बाई, एक म्हातारा आणि एक माठ उरणार.

“नंबर नाही माझ्याकडं,” ते म्हणाले.

“एकतीस वर्षांचं मैत्र अन् घरातला एक नंबर नाही?”

“माझं आकड्यांचं जमत नाही. एकदा मी स्वतःलाच फोन लावला तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला.”

वनिताबाईंनी खुंटीवरची दुर्बीण घेतली आणि वाऱ्याचा अंदाज घ्यायला शेवग्याकडे लावली. फडकं बघितलं. रूळ बघितला. मग दुर्बीण हळूहळू खालून वर सरकली आणि मधेच थांबली.

हौशी रॉकेट वाऱ्यानं कुठल्या कुठे जाऊन पडतं. मिळेल त्यानं कळवावं म्हणून प्रत्येक रॉकेटवर मालकाचा नंबर लिहिणं सक्तीचं आहे. ज्या घरी फोन उचलायला कुणीतरी आहे, असा नंबर.

“नऊ, आठ, दोन, दोन...” वनिताबाई मोठ्यानं वाचायला लागल्या. हातभर उंचीचे पांढरे आकडे होते. पुढचे सहाही वाचले आणि खाली लिहिलेलं नावही. “मंजिरी कुलाल. काहून जी, तोरस्कर भाऊ? सकाळपासून तुम्ही अन् हा नंबर समोरासमोर उभे आहात.”

दिनकरराव बुटाच्या टोकानं मीठ उकरायला लागले.

“माझ्या घरी उचलणारं कोण आहे?” ते म्हणाले. आणि राखणदारानं हे अकरा टक्क्यांत धरलं की बाकीच्यांत, ते कळायला मार्ग नव्हता, कारण तो काही बोलला नाही.

*

दिनकररावांना फोनपाशी यायला राजी करेपर्यंत पावणेचार झाले होते. वनिताबाईंनी नंबर फिरवला, आवाज कर्ण्यावर टाकला, म्हणजे राखणदाराला ऐकू जाईल, आणि रिसीव्हर दिनकररावांच्या हातात दिला. “एकच वाक्य वदवून घ्या त्यांच्याकडून. ‘मी येत नाही.’ बस.”

घंटी चारदा वाजली.

“हॅलो?” मंजिरी.

“मंजे, मी दिनूकाका.”

“काका!” ती पुढे काही म्हणणार होती, पण थांबली. “थांबा हं, देते.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग नुसता श्वास. श्रीपतीला फोनवर आधी बोलायची सवय नव्हती. लेथपाशी उभा राहायचा तसा तो तिथंही ऐकायला उभा राहिला.

समोर शेवगा उभा होता. हिरवा, ताठ, अकरा महिन्यांचा. त्याच्या नळीचं आतलं अंग श्रीपतीनं केसाच्या दहाव्या भागाइतकं नेमकं कातलं होतं. डोळ्याला मोतीबिंदू असताना, बोटानं अंदाज घेत. आणि तो ते उडताना न बघता विमानात बसणार होता. एकच वाक्य विचारायचं होतं. येतोस की नाही.

“शिरपा!” दिनकरराव ओरडले. “अरे, गेला! शेवगा गेला!”

वनिताबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“काय गेला म्हणून सांगू तुला! रूळ सोडला तेव्हा आवाजच नव्हता. आधी आग, मग आवाज, आणि तो आवाज पोटात लागला, कानात नव्हे. सरळ रे! ओळंबा लावल्यासारखा सरळ! तुझे पंख इतकेसुद्धा थरथरले नाहीत. इथं बायामाणसं रडली. वनिताबाई रडल्या. इंदूरची पोरं टोप्या उडवत होती. पंचेचाळीस हजार फूट, शिरपा! यंत्रानं सांगितलं. वर जाऊन असा वळला, एकदा चमकला तुझ्या त्या टोपणावर ऊन पडून, आणि मग छत्री उघडली, तांबडी, एवढीशी, कुंकवाच्या टिकलीएवढी. अजून उतरतोय बघ. मी इथनं बघतोय. तू बिनघोर जा. झालं आपलं काम. तुझ्या नळीनं—तुझ्या नळीनं काय काम केलं म्हणून सांगू—”

त्यांना दम लागला. ते थांबले.

कर्ण्यातून वाऱ्याचा आवाज येत होता. तो इथला नव्हता. तिकडचा होता, उघड्यावरचा, अडवायला काही नसलेला वारा, फोनच्या तोंडावर घासणारा.

“दिन्या,” श्रीपती म्हणाला, “खोटं बोलतोयस. नऊ वाजल्यापासनं रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी वर बघत उभा हाय. अजून काय बी गेलेलं न्हाई.”